मागातलं बोलणं

माग उचलून नेले तरी त्या घरातली आरडाओरड थांबली नाही, उलट उघडी पडली. मागच्या शेडमध्ये यंत्रमाग धडधडत असायचे आणि त्यांच्यावर आवाज चढवूनच मीठ मागायचं, पोरांना झोपवायचं आणि भांडायचं, ही तीन पिढ्यांची सवय. आता शेड गप्प झाली होती, आणि थोरल्याने "टॉवेल कुठंय?" एवढं विचारलं तरी समोरचा शिंपी दुकानाबाहेर येऊन बघायचा, कोणाच्या घरी काय झालं म्हणून.

या सगळ्या ओरडणाऱ्यांत एकट्या सासूबाईंचं तोंड बंद झालं होतं. एके काळी त्यांचं म्हणणं शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचं. आता त्या हाकेला ओ देत नव्हत्या, विचारलेल्याला उत्तर देत नव्हत्या. खिडकीशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायच्या, मधूनच "सगळे मेले कुजबुजायला लागलेत" असं म्हणायच्या आणि पुन्हा गप्प.

त्या आपल्यामुळे गप्प झाल्या आहेत, याबद्दल थोरलीच्या, म्हणजे थोरल्या सुनेच्या, मनात तिळमात्र शंका नव्हती. माग विकायचा विषय पहिल्यांदा तिनेच काढला होता. नवऱ्याची पाठ गेली होती, कापडाला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं, सगळं खरं; पण विषय तिच्या तोंडून निघाला हेही खरं. जेवताना थोरल्याने आईला विचारलं, आईने मान हलवली आणि थोड्याच दिवसांत ट्रक दाराशी लागला. ट्रक बघून सासूबाईंनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती नजर काही केल्या तिच्या मनातून जात नव्हती.

त्या रविवारी नणंद आणि धाकटा दीर येणार होते. सासूबाईंना नणंदेकडे पाठवायचं की नाही, याचा निकाल लावायचा होता. सकाळी थोरली मोरीशी भांडी घासत होती आणि सासूबाई मागे ओट्यापाशी मटार सोलत होत्या. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तिने भांड्यांकडे बघतच सुरुवात केली.

"आई, आज ताई येतायत. तुम्हाला घेऊन जायचं म्हणतायत. मला नको वाटतंय. माझ्यावर राग असेल तर शिव्या घाला, पण बोला हो. तुम्ही बोलत नाही तर या घरात मला करमत नाही."

एवढं बोलायला तिला किती जड गेलं ते तिचं तिला माहीत. मागून उत्तर नाही. ती वळली, तर सासूबाई शांतपणे शेंगेतला शेवटचा दाणा काढत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"पाणी उकळलं का गं?"

थोरलीने भांडी तशीच सोडली आणि गॅस बंद केला.

तिला आठवत होत्या त्या वेगळ्याच सासूबाई. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मागांच्या आवाजाने तिचं डोकं उठायचं. कोण काय सांगतंय काही कळायचं नाही, नुसती रडायची. तेव्हा सासूबाईंनी तिला शेडमध्ये समोर उभं करून मागातलं बोलणं शिकवलं. तोंड सरळ समोरच्याकडे. शब्द तोंडात न घोळवता ओठांवर आणायचा. सूत तुटलं तर दोन बोटं, सुताने भरलेला बीम संपला तर तळहात उलटा, आणि हनुवटीला हात लावला की समजायचं, सासऱ्यांबद्दल चाललंय. आवाज काढायची गरजच नव्हती, कारण तो कोणाला पोचणारच नव्हता. एकदा हे जमलं आणि थोरलीचं आयुष्य सोपं झालं. ती शेडच्या एका कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरायची, सासूबाई दुसऱ्या कोपऱ्यात मागावर, आणि मधे सगळी पुरुषमंडळी. त्यांच्या डोक्यावरून या दोघी दिवसभर त्यांचीच निंदा करायच्या. थोरल्याच्या घोरण्यावर सासूबाईंनी पहिला विनोद केला तेव्हा थोरला दोघींच्या मधोमध उभा राहून मागाला तेल घालत होता. थोरली इतकी हसली की हातातली कांडी सुटून पार दारापर्यंत गेली.

एवढं बोलणं तिच्या आईनेही तिच्याशी कधी केलं नव्हतं. ते बोलणं जाऊन आता तिच्या वाट्याला काय उरलं, तर पाणी उकळलं का.

दुपारी धाकटा आला. औषधांच्या कारखान्यात तो पाळीवरचा प्रमुख होता आणि कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं. बायकोला त्याने आणलं नव्हतं. अशा बैठकांना ती येत नाही, म्हणजे ती आपल्यापेक्षा शहाणी आहे, असं तोच सांगायचा. त्याच्या मागोमाग ताई आली. दादापेक्षा लहान आणि धाकट्यापेक्षा मोठी, पण थोरलीसुद्धा तिला ताईच म्हणायची. ताई दूरच्या शहरात ग्रंथपाल होती. मुद्दाम शोधून तिने अशी नोकरी धरली जिथे बोलायचंच नसतं, असं धाकटा म्हणायचा. शाळकरी वयात तिला शिकायला वसतिगृहात ठेवलं होतं. तिथे तिच्या घरच्या सवयीच्या चढ्या आवाजामुळे मुलींनी पहिल्याच आठवड्यात तिला भोंगा म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून ताई अगदी हळू बोलायची, आणि बोलताना डाव्या हाताची बोटं ओठांपाशी धरायची.

सगळे बाहेरच्या खोलीत बसले. सासूबाई खिडकीपाशी आपल्या खुर्चीत होत्या. त्यांना उठून आत जा म्हणायची कोणाची छाती नव्हती, म्हणून हळू आवाजात बोलायचं ठरलं. त्या घराच्या हिशेबात हळू म्हणजे इतर घरांतलं नेहमीचं बोलणं.

"मी मघाशी आले," ताई म्हणाली, "दारातून म्हटलं, आई, मी आले गं. तिने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. दादा, ती इथे सुकत चाललीय. मी तिला घेऊन जाते."

"माझं मत विचाराल तर..." धाकटा म्हणाला.

"कोणी विचारलेलं नाही," थोरला म्हणाला.

"तरी सांगतो. आमच्या साहेबांच्या वडिलांचं असंच सुरू झालं. आधी उत्तरं देईनात, मग काय विचारलं त्याला नुसती मान हलवायचे, मग एक दिवस थेट बसथांब्यावर सापडले. ताईच्या शहरात मोठे डॉक्टर आहेत. जाऊ दे तिला."

"आईचं डोकं ठणठणीत आहे," थोरली म्हणाली. "त्या रागावल्यात. रागावलेलं माणूस असं दुसरीकडे नेऊन ठेवायचं नसतं."

"मग कोणावर रागावलीय ते तरी सांग, वहिनी," ताई म्हणाली.

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. सकाळपर्यंत तो तिच्या बाजूने होता. आई कुठेही जाणार नाही, आपण ठाम राहायचं, असं दोघांचं ठरलं होतं. पण आता थोरला मिशीवरून बोट फिरवत बसला होता. ही मिशी नवीन होती. सासऱ्यांच्या काळापासून शेडमध्ये मिशी चालत नसे. का, ते कोणी विचारलं नव्हतं. मागात अडकेल म्हणून असेल, असं सगळे धरून चालले होते. माग गेल्यावर थोरल्याने पहिली चैन कुठली केली असेल तर ही, ओठ झाकणारी, चांगली झुबकेदार.

"हिला काय वाटतं ते मला माहीत आहे," शेवटी तो म्हणाला. "पण आई माझ्याशीही बोलत नाही. रोज तिच्या शेजारी बसतो, काही सांगतो, ती माझ्या तोंडाकडे बघते आणि उठून जाते. आपलीच आई अशी परक्यासारखी वागली की घरात पाय ठेवायला नको वाटतो. तिकडे गेली तर कदाचित मोकळी होईल."

म्हणजे तिघं एका बाजूला आणि थोरली एकटी.

"त्या कुठेही जाणार नाहीत," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्यांच्याबरोबर मी काढलीत."

"तेच म्हणतेय मी." ताईचा आवाज अजूनच खाली गेला. "तुझ्या वाट्याला ती इतकी वर्षं आली. माझ्याशी तिने फोनवर एक वाक्य बोललेलं मला आठवत नाही."

"माग चालू असायचे हो ताई. फोनवर कसं काय..."

"आणि सुट्टीच्या दिवशी? तेव्हाही तूच असायचीस. आई बऱ्या आहेत, आई म्हणतात जपून राहा, आई म्हणतात तब्येतीची काळजी घे. ती तिथेच शेजारी बसलेली असणार, हे मला कळत नव्हतं का?"

त्यातले निम्मे निरोप थोरलीने मनानेच जुळवलेले असत. सुट्टीच्या दिवशी ती फोन पुढे करायची, सासूबाई तो झटकून टाकायच्या आणि म्हणायच्या, तूच बोल, मला त्यातलं काही कळत नाही. लेकीवर एवढा कसला राग, असं तेव्हा थोरलीलाही वाटायचं.

सासूबाई या सगळ्यात एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

नेमकी त्याच वेळी मागची शेड कडाडली.

शेड एका फर्निचरवाल्याने घेतली होती. कपाटं ठेवायला त्याला सपाट जमीन हवी होती, आणि मागांखालचे सिमेंटचे चौथरे फोडायला त्याची माणसं सोमवारी येणार होती. ती रविवारीच आली. त्यांचं ते फोडायचं यंत्र भिंतीपलीकडे असं काही सुरू झालं की कपाटातल्या बश्या थरथरल्या. मागांचा आवाज याच्यापुढे काहीच नव्हता, पण जात तीच.

कोणी ठरवलं नाही, पण एका क्षणात सगळे बदलले. थोरला खुर्ची फिरवून समोर बसला. धाकट्याने मान पुढे काढली. तोंडं मोठी झाली, हात वर आले, नजरा एकमेकांच्या तोंडाला चिकटल्या. हाडात मुरलेलं होतं ते.

"आज कसे आले हे?" धाकट्याने हाताने आणि ओठांनी विचारलं.

"मला काय माहीत!" थोरल्याने दोन्ही तळहात उडवले.

"कोण मेलंय?" सासूबाईंनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या खुर्ची ओढून मधोमध आल्या होत्या. डोळ्यांत चमक होती.

"सगळे तोंडं पाडून बसलाय म्हणून विचारते. कोण मेलंय? आणि तू," धाकट्याच्या पोटात त्यांनी बोट खुपसलं, "हे काय वाढवलंयस? औषधं तू बनवतोस की खातोस?"

धाकटा हसला. किती दिवसांनी तिने त्याला टोमणा मारला होता. "ताई तुला न्यायचं म्हणतेय," त्याने तोंड भरून सांगितलं. "तिच्या घरी. राहायला."

"मला? कशाला?" त्या लेकीकडे वळल्या. "हिला तर माझ्याशी बोलायचंही नसतं. घरी आली की तोंड झाकून बसते. माझ्या अंगाला एवढा वास मारतो का?"

ताईला ते चांगलं समजलं, कारण सासूबाई बोलताना आवाजही काढायच्या आणि तो यंत्राला भारी होता. ताईचा चेहरा उतरला. बोटं ओठांपाशी गेली आणि ती काहीतरी म्हणाली. थोरलीने तिच्या तोंडाशी कान नेला.

सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

"म्हणतात, मी नेहमी तुझ्याशीच बोलायला येते," थोरलीने ओठांनी सांगितलं.

"मग बोल म्हणावं की! आणि हा," आता थोरल्याची पाळी, "ओठांवर ही केरसुणी कशाला लावलीयस? काय बोलतोस ते देवाला कळेल. काढ ती. जा गं, चहा टाक सगळ्यांना."

थोरलीला रडू येईल असं वाटलं. जुन्या सासूबाई परत आल्या होत्या, त्यांच्या सगळ्या आगाऊपणासह. ती चहा टाकायला उठली, दोन पावलं गेली आणि यंत्र थांबलं.

खोली एकदम मोकळी झाली. सगळ्यांनी मान खाली घेतली, हात मांडीवर ठेवले, आवाज उतरवला.

"बघितलंस, आई?" ताई म्हणाली. बोटं अजून ओठांपाशीच होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुला वाटतं मला बोलायचं नसतं. मी दर आठवड्याला फोन करते आणि तू घेत नाहीस. काय चुकलं माझं, ते एकदा सांग."

सासूबाई लेकीच्या ओल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची ती चमक गेली आणि पुन्हा ते घाबरल्यासारखं, परक्याच्या घरी बसल्यासारखं काहीतरी आलं.

"झालं," धाकटा पुटपुटला. "गेली परत."

थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथून तिने हे पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. गोंगाटात यांना सगळं कळत होतं. गोंगाट संपला आणि कळेनासं झालं. लोकांचं याच्या उलट होतं. तिला सकाळचं आठवलं. ती मोरीकडे तोंड करून बोलत होती.

ती परत आली, सासूबाईंच्या समोर उभी राहिली आणि अजिबात आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हणाली, "आई, सकाळच्या चहात साखर कमी होती का?"

"कमी होती," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "म्हटलं, तुझं लक्ष नसेल."

बाकीच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी प्रश्न ऐकलाच नव्हता.

"भाऊजी," थोरली म्हणाली, "त्यांच्या मागे जाऊन हाक मारा बरं."

धाकटा खुर्चीमागे गेला. त्याने हाक मारली, मग मोठ्याने मारली, मग या घराच्या पद्धतीने मारली. समोरचा शिंपी दुकानातून बाहेर आला. सासूबाई थोरलीकडे बघत चहाची वाट पाहत होत्या.

"अरे देवा," थोरला म्हणाला आणि त्याने हाताने तोंड झाकलं. मग घाईने हात खाली घेतला.

सांगायचं काम थोरलीवर आलं. तिने स्टूल ओढून सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बैठक मारली.

"आई, तुम्हाला ऐकू येत नाहीये."

"येईल कसं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलतच नाही तर. माग गेले तसं घर मुकं झालं. मी कोणाला नावं ठेवत नाही. माझीही बोलायची इच्छा गेलीय."

"घर मुकं नाही झालं. आम्ही बोलतो."

"केव्हा?"

"सारखं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आताही बोलत होतो. माग होते तेव्हा सगळे तोंडाकडे बघून बोलायचे, म्हणून तुम्हाला समजायचं. आता कोणी बघत नाही. पाठमोरे बोलतो, सकाळी मोरीशी मी तशीच बोलले, आतल्या खोलीतून बोलतो. तुम्हाला ते पोचत नाही."

सासूबाईंनी तिच्याकडून मुलांकडे पाहिलं. तिघांनीही माना हलवल्या. पुढचं त्यांनी अगदी हळू विचारलं; इतकं हळू बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे आवाज आहे घरात? तो फक्त मलाच नाही?"

थोरलीने मान हलवली.

"माग विकताना मला विचारलं होतंत?"

"विचारलं होतं," थोरला पुढे येऊन म्हणाला. ओठ दिसावेत म्हणून त्याने दोन बोटांनी मिशी वर धरली होती, पण हसायचं कोणाला सुचलं नाही. "जेवताना. तू मान हलवलीस."

"मला वाटलं, आणखी भात हवा का विचारतोयस." त्या थांबल्या. "मग ट्रक आला. म्हटलं, म्हातारीला कोण विचारतंय. यांनी मला असं न विचारता कधी काही केलं नव्हतं."

'यांनी' म्हणताना त्यांचा हात हनुवटीला गेला होता. तो तिथेच राहिला.

"लग्नात यांना मिशी होती," त्या म्हणाल्या. "मोठी होती. शेडमध्ये मी कामाला उभी राहिले आणि थोड्या दिवसांत त्यांनी ती काढून टाकली. मला ती आवडायची. का काढलीत म्हटलं, तर म्हणाले, मागावर नको."

आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते थोरलीला सगळ्यांत आधी दिसलं, कारण ती सगळ्यांत जवळ होती.

"शेवटी यांच्या तोंडावर तो ऑक्सिजनचा मास्क होता," सासूबाई म्हणाल्या. "मी दिवसभर हात धरून बसले होते. मला वाटलं, बोलणं गेलंय. ते बोलत होते का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. निरोप जुळवायची थोरलीला सवयही होती. पण समोरची बाई तिच्या ओठांकडे बघत होती, आणि त्या ओठांनी तिला खोटं बोलवेना.

"बोलत होते."

"काय?"

"तुम्हाला विचारत होते, जेवलीस का. पुन्हा पुन्हा तेच. आम्हाला वाटलं, दुःखाने तुम्ही दगड झालात. म्हणून मग मीच सांगितलं, त्या जेवल्या."

भिंतीपलीकडे माणसं फावड्याने ढिगारा ओढत होती.

"मी जेवले नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "मी त्यांना सांगितलं असतं, नाही जेवले. तर रागावले असते."

मग त्या रडल्या. थोरलीने त्यांना रडू दिलं. थोरला आत गेला आणि काही वेळाने मिशी काढूनच बाहेर आला. घाईत ओठावर कापलं होतं. धाकट्याने चहा केला, तो फार गोड झाला, आणि सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला.

चहा झाल्यावर सगळे एकदम शहाणे झाले. धाकटा म्हणाला, विसरभोळेपणाचं आपण कुठे म्हटलं होतं, आपण फक्त साहेबांच्या वडिलांची गोष्ट सांगत होतो. आता कानाचं यंत्र आणू, प्रश्न मिटला. थोरला म्हणाला, आई आपल्याच घरात राहील, यापुढे कोणी पाठमोरं बोलायचं नाही. ताईसुद्धा डोळे पुसून म्हणाली, "वहिनीचंच बरोबर होतं. इथे सगळ्यांना हे बोलणं येतं. माझ्याकडे आणून मी काय करणार? मी तर विसरलेसुद्धा."

आता चौघं एका बाजूला होते. थोरलीच्या जिवात जीव आला. सासूबाईंना तिने हा निकाल ओठांनी सांगितला, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं वेगळं करून, मजेत, पूर्वी शेडमध्ये सांगायची तसा.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी हिच्याबरोबर जाते."

"कोणाबरोबर?" थोरलीने विचारलं, जणू तिला समजलंच नव्हतं.

"लेकीबरोबर. यांचं राहिलं ते राहिलं, ते आता कुठून आणू? ही तर समोर बसलीय. वसतिगृहात गेली तेव्हापासून काय काय बोलली असेल, एक अक्षर माझ्याकडे आलेलं नाही. मला वाटायचं शिकली, मोठी झाली, आई नकोशी झाली. हिचं सगळं ऐकायचं राहिलंय माझं."

त्यांनी लेकीचं मनगट धरलं आणि तिचा हात तोंडावरून खाली आणला. "बोल," त्या म्हणाल्या. "सावकाश बोल. मला घाई नाही."

ताईने तोंड उघडलं. ओठ कसे हलवायचे ते तिला खरंच आठवत नव्हतं. पहिला शब्द वेडावाकडा आला, दुसरा त्याहून. सासूबाई लहान मुलीचा धडा घ्यावा तशा मान डोलवत होत्या.

थोरला बायकोकडे वळला. "तू सांग तिला. तुझं ऐकते ती. म्हणावं, यंत्र येईपर्यंत तरी थांब."

खरंच होतं ते. तिने म्हटलं असतं तर सासूबाई राहिल्या असत्या. तिने फक्त ओठांनी 'आई, मला करमणार नाही' एवढं म्हणायचं होतं. सकाळी तेच तर म्हणाली होती, भांड्यांना.

"जाऊ द्या त्यांना," थोरली म्हणाली, आणि कपबश्या गोळा करायला लागली.

बस बुधवारी होती. काचा बंद असलेली, थंड हवेची. सासूबाई खिडकीत आणि ताई शेजारी. धाकटा काचेवर थापा मारून ओरडत होता, "पोचल्यावर कळवा! पाणी बाहेरचं पिऊ नका!" आतल्या कोणालाही काही ऐकू जात नव्हतं. फलाटावरची सगळीच माणसं अशी काचेला चिकटून ओरडत होती आणि आतली माणसं कानाला हात लावून नाही नाही म्हणत होती.

थोरली मागे उभी होती. तिला पुढे जायची गरज नव्हती. सासूबाईंनी गर्दीतून तिला शोधलं आणि काचेआडून निवांत बोलायला सुरुवात केली.

"गॅस बंद केलास?"

"केला."

"हिला अजून नीट जमत नाही. काल जेवताना निम्मं कळलं. तिकडे ती एकटीच जेवते म्हणते, उभ्याने. मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"आता बोलायला कोण आहे तुला?"

"हे आहेत की."

"तो? मिशी काढली तरी बोलण्यासारखं काय आहे त्याच्याकडे?"

थोरली हसली. शेजारचा हमाल चक्रावून या आवाज न काढता हसणाऱ्या बाईकडे बघत होता. बस हलली. सासूबाईंनी तोंड खिडकीला लावलं, आणि हात वर करून त्या म्हणाल्या, "आणि हे बघ, त्या दिवशी मोरीशी तू काय..."

बस वळली. काचेवर ऊन आलं आणि चेहरा दिसेनासा झाला. थोरलीचं उत्तर ओठांवर आलं होतं, ते तिने तसंच रिकाम्या रस्त्याकडे बघत पूर्ण केलं.

"चल," मागून थोरला म्हणाला.

तिला ऐकू आलं होतं. तिचे कान चांगले होते. तरी ती हलली नाही.

"समोर येऊन सांगा," ती म्हणाली.

तो गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर आला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "घरी चल."